शेपटीखालीही पाहिलं

रविवार, ३ तारीख

भोपळा आणि ठिपकी, आमचे दोन ससे, आज पहिल्यांदा गवतावर उतरले. आतापर्यंतचं आयुष्य त्यांनी जाळीच्या गॅलरीत काढलं. आज मागच्या अंगणात बिनतळाचा पिंजरा ठेवला, म्हणजे पायाखाली खरं गवत. भोपळा फतकल मारून बसला आणि सगळ्या जगाकडे संशयाने बघत राहिला. हा माझ्यावर गेलाय. ठिपकीने मात्र दोन उड्या मारल्या, मागचे पाय हवेत झाडले आणि थेट पलीकडच्या जाळीपर्यंत धावली. बेबी टाळ्या पिटायला लागली. सेहेचाळीस वर्षांची बाई, शाळेच्या ऑफिसात कामाला. मी म्हटलं, "बेबी, घाबरतील ती." मग थांबली.

ससे तिनेच आणले होते, तीन वर्षांपूर्वी, खोक्यात घालून, मला न विचारता. मी तेव्हा म्हटलं होतं, हे लोढणं कशाला? आई गेल्यावर आम्ही दोघी बहिणी सुटसुटीत राहत होतो. आता त्यांचं माझ्याशिवाय पान हलत नाही.

काल दोघी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. त्या म्हणाल्या, बाहेर जाणार म्हणजे अंगावर पाहुणे येणार. पिसवा, गोचीड, डोळ्यांना न दिसणारे किडे, आणि सगळ्यांत वाईट माशी. उन्हाळ्यात शेपटीखालची ओलसर जागा बघून ती अंडी घालते, दिवसाभरात अळ्या होतात, आणि अळ्या जिवंत ससा खातात. मला रात्री जेवण गेलं नाही. पिंजऱ्यावर मच्छरदाणी घालायची, पिंजऱ्याची जागा रोज बदलायची, कुत्रा फिरलेल्या जागचं गवत द्यायचं नाही, आणि दिवसातून दोनदा शेपटी उचलून बघायचं. गोचीड-पिसवांवर मानेवर घालायचे सशांचे थेंब वेगळे असतात, ते दर महिन्याला बाई स्वतः घालणार. "कुत्र्यांसाठी मिळतात ते थेंब चुकूनही घालू नका, ससे दगावतात," हे त्यांनी दोनदा सांगितलं. आम्ही दोघींनी मान डोलावली.

सकाळचं बघणं माझ्याकडे. संध्याकाळी त्यांना आत घेऊन बघणं बेबीकडे, कारण ती साडेचारला घरी येते आणि मी लॅबमधून साडेसातला. लोकांच्या कवळ्या करता करता माझेच दात दुखायला लागतात.

बुधवार, ६ तारीख

छान घडी बसली आहे. मी दार उघडते, चप्पल काढायच्या आत विचारते, "पाहिलं?" बेबी स्वयंपाकघरातून म्हणते, "पाहिलं." मी म्हणते, "शेपटीखाली?" ती म्हणते, "शेपटीखालीही." मग चहा. लॅबमधली मुलगी म्हणते तुम्ही नाकावर माशी बसू देत नाही. तिला म्हटलं, नाकाचं सोड, मी सशाच्या बुडावर बसू देत नाही.

वरच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांशी आज वाजलं. त्यांनी दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, पण नाव तेच राहिलं. त्यांचा कुत्रा मुकादम जिन्याखाली उभा राहून माझ्या पिंजऱ्यावर देखरेख करत होता. मी सांगितलं, "तुमचा कुत्रा अंगणात नको. त्याच्या अंगावरच्या गोचिडी माझ्या सशांना नकोत." म्हणाले, "मोठ्या ताई, त्याच्या अंगावर गोचीड नाही. मी दर महिन्याला औषध घालतो." मी म्हटलं, मला तुमच्याशी चर्चा करायची नाही. खरंच नव्हती करायची. अशा माणसांशी एकदा बोलायला लागलं की ती रोज बोलतात.

रविवार, १० तारीख

आईची वेताची खुर्ची आठवली. बेबीने ती विणायला टाकून वर्ष होत आलं. "बेबी, तो खुर्चीवाला चोर दिसतोय. पत्ता दे, मी जाऊन येते." म्हणाली, "नको गं ताई, मी बघते." हिला कोणीही गुंडाळतं. म्हणून तर हिची कामं मला करावी लागतात. मागे तिला दुसऱ्या शहरात बढतीची जागा मिळत होती, तेव्हा मीच मुख्याध्यापकांना फोन करून सांगितलं की आम्हाला जमणार नाही. बेबी दोन दिवस अबोल होती आणि मग विसरली. आम्हाला बदल मानवत नाही.

दुपारी ती खिडकीशी उभी होती. मी विचारलं, "काय बघतेस?" म्हणाली, "काही नाही." पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं, तरी काही नाही. मग मीही जाऊन उभी राहिले. खरंच काही नव्हतं.

गुरुवार, १४ तारीख

ससे मजेत आहेत. ठिपकीचे केस चमकायला लागलेत. भोपळासुद्धा आता उडी मारतो, पण कोणी बघत नाही याची खात्री करून.

दोन गोष्टी मनात राहिल्या. एक, भोपळ्याच्या केसांना पेपरमिंटचा वास येत होता. बेबीला विचारलं, तर ती म्हणाली, शाळेत कुणीतरी गोळ्या वाटल्या. दुसरी म्हणजे मागच्या दाराची वरची कडी लावलेली होती. आम्ही कायम खालची लावतो, वरचीला बेबीचा हात पुरत नाही. म्हणाली, स्टुलावर चढले. कशाला चढली, देव जाणे. तिला म्हटलं, पडशील, माझ्याच गळ्यात येईल.

आणखी एक. मुकादम पिंजऱ्याच्या अगदी जवळ बसला होता आणि ठिपकी त्याच्याकडे पाठ करून खुशाल खात होती. सशाने कुत्र्याला इतक्या लवकर घाबरायचं सोडणं बरं नाही.

बेबी हल्ली गुणगुणते. उन्हाळा तिला मानवतो.

मंगळवार, १९ तारीख

सकाळी ठिपकीच्या कानामागे गोचीड. मसुराएवढी फुगलेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लॅबमधला बारीक चिमटा घरी होता, त्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढली, डोकं आत राहू दिलं नाही.

तशीच जिना चढून वर गेले आणि घड्याळवाल्यांच्या तोंडासमोर तो चिमटा धरला. "हे बघा तुमच्या मुकादमचं दान. पुन्हा एक जरी सापडली तरी मी पिंजरा उचलून तुमच्या दारात आणून ठेवीन." बाकीही बरंच बोलले. म्हातारा खाली मान घालून उभा होता. शेवटी एवढंच म्हणाला, "मी बघतो, मोठ्या ताई. पुन्हा नाही सापडणार." मी म्हटलं, तुम्ही काय बघणार? आमचं बघायला आम्ही दोघी आहोत.

संध्याकाळी बेबीला सगळं सांगितलं तर ती एकदम पांढरी पडली. "इतकं बोलायला नको होतंस त्यांना," म्हणाली. तिला भांडणं सोसत नाहीत.

शनिवार, २३ तारीख

काल लिहिणं शक्यच नव्हतं. आज क्रमाने लिहिते, नाहीतर माझं मलाच खरं वाटायचं नाही.

काल सकाळी बेबी शाळेला गेल्यावर मी सशांपाशी गेले. भोपळा कोपऱ्यात पाठ वर काढून बसला होता, पाल्याला तोंड लावलं नव्हतं. ठिपकीला उचललं तर ती हातात ओल्या फडक्यासारखी लोंबली. कान थरथरत होते. शेपटीखाली पाहिलं, दोघांचीही स्वच्छ. लॅबला कळवलं, टोपलीत टॉवेल घातला आणि रिक्षा केली.

डॉक्टरीणबाईंनी ठिपकीला हात लावला आणि म्हणाल्या, अंग गार पडलंय. मग विचारलं, "अंगाला काही लावलंय का? औषध, पावडर, फवारा?"

"शक्य नाही. आम्हा दोघींशिवाय त्यांना कोणी हात लावत नाही."

"बहिणीला विचारा एकदा."

मी बाईंसमोर फोन लावला, त्यांना ऐकू जाईल असा. "बेबी, काल सशांना काही लावलंस का?"

थोडा वेळ नुसता शाळेचा कलकलाट ऐकू आला. मग ती म्हणाली, "नाही."

"काल संध्याकाळी पाहिलंस तेव्हा बरी होती?"

"हो ताई. बरी होती."

बाईंनी सुई लावून पाणी चढवलं, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. म्हणाल्या, "विषाचं लक्षण वाटतंय. अंगावर काही पडलंय असं नक्की कळलं तर धुऊन काढता येईल. पण या अवस्थेत ससा धुवायचा म्हणजे त्या धक्क्यानेच तो जाऊ शकतो. नुसत्या शंकेवर मी धुणार नाही."

दुपारी ठिपकीला झटका आला. चारही पाय ताठ, डोळे उघडे. मी आयुष्यात एवढी घाबरले नाही, आईच्या वेळीही नाही. पुन्हा बेबीला फोन केला. म्हटलं, "आठवून बघ गं. काहीही. फिनेलचं फडकं, मुंग्यांची पावडर, काहीही."

ती रडत होती. म्हणाली, "नाही ताई. काही नाही."

मला तिचीच दया आली. म्हटलं, रडू नकोस, मी आहे इथे.

मग तीनच्या सुमाराला घड्याळवाले दवाखान्यात आले. घरच्या सपाता घालून, शर्टाची बटणं वरखाली लावून. माझ्याकडे न बघता सरळ बाईंकडे गेले आणि हातातली प्लास्टिकची छोटी नळी पुढे केली. "हे मी घातलं. परवा संध्याकाळी, ठिपकीच्या मानेवर. पुन्हा गोचीड दिसली म्हणून. मुकादमला मी हेच घालतो."

बाईंनी नळीवरचं नाव वाचलं आणि त्या क्षणी उठल्या. कोमट पाणी, साबण, टॉवेल. ठिपकीची मान धुतली, पुन्हा धुतली. "आणि हा तिला चाटत बसला असणार," असं म्हणत भोपळ्याचं तोंड पुसून घेतलं. मी टॉवेल धरून उभी होते.

हातातलं काम झाल्यावर मी घड्याळवाल्यांना विचारलं, "तुम्ही माझ्या सशांना हात कसा लावलात?"

ते गोंधळले. "म्हणजे? रोज मीच तर आत घेतो, मोठ्या ताई. बेबीताईंनी मागच्या दाराची किल्ली दिलीय ना."

"बेबी घरी असते संध्याकाळी."

त्यांनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवली.

"कुत्र्याचं औषध घालायचं नाही, हे कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"बेबीताई एवढंच म्हणाल्या, शेपटीखाली बघा आणि आत घ्या. औषधाचं कुणी बोललं नाही. तुम्ही त्या दिवशी इतक्या रागावलात, मला वाटलं, आपणच बंदोबस्त करावा." मग म्हणाले, "मी मुकादमला घेऊन बाहेर होतो. बारा वाजता त्यांचा फोन आला, सशांना काही लावलंत का म्हणून. मी लगेच सांगितलं. त्या म्हणाल्या, मी डॉक्टरांना कळवते, तुम्ही जाऊ नका. पण मला घरात चैन पडेना."

बारा वाजता. मी दुसरा फोन केला तो त्यानंतरचा. "काही नाही" म्हणून ती रडली, तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं, आणि मी तिची समजूत घालत होते.

संध्याकाळी ठिपकीने मान उचलली. आज सकाळी भोपळ्याने अर्धं पान खाल्लं, माझ्याकडे संशयाने बघत. बाई म्हणाल्या, वाचतील. ससे वाचले. त्यामुळे मला धड छाती बडवायलाही जागा राहिली नाही.

रविवार, २४ तारीख

बेबीशी काल अवाक्षर बोलले नव्हते. आज सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा विचारलं, "कोण आहे तो?"

"कोण?"

"ज्याच्याकडे जातेस तो."

"कोणी नाही ताई."

"खोटं बोलायची सवय झालीय तुला. संध्याकाळभर तू कुठे असतेस हे घड्याळवाल्याला माहीत, कुत्र्याला माहीत. मला सोडून सगळ्यांना माहीत."

"त्यांनासुद्धा माहीत नाही. मी घरी नसते एवढंच माहीत आहे."

मावशीला फोन केला. ऐंशीची बाई, हिला तरी आपली बाजू कळेल. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असू दे गं तिला." म्हणजे हिलाही माहीत. मी फोन ठेवला. केसाने गळा कापतात म्हणतात तो असा. एकीने कापला आणि बाकीच्यांनी मुकाट्याने पाहिला.

जमिनीवर बसून भोपळ्याला भरवलं. मला रडू आलं ते त्याच्या कानांवर पडलं आणि त्याला ते आवडलं नाही.

मंगळवार, २६ तारीख

बेबी म्हणाली, "चल, दाखवते." मी लॅबला दांडी मारली. बावीस वर्षांत पहिली, सशांची शुक्रवारची सोडली तर.

मी तयारीने गेले होते. विधुर असेल, बायको असलेला असेल, वयाने लहान असेल, सगळ्यांसाठी वेगवेगळी वाक्यं तयार होती. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर एक खोली. तिने किल्लीने दार उघडलं. आत कोणी नव्हतं. मी दाराआड पाहिलं, मोरीत पाहिलं. एक खिडकी, एक चटई, पाणी तापवायची किटली, एक कप. आणि खिडकीशी आईची वेताची खुर्ची, नवी विणलेली.

"बस," ती म्हणाली. मी खुर्चीत बसले नाही. मग पाय दुखले म्हणून बसले. तिने त्या एकुलत्या एक कपात मला चहा दिला आणि स्वतः चटईवर बसली.

"इथे काय करतेस?"

"बसते."

"बसतेस म्हणजे?"

"बसते. कधी वाचते. कधी खिडकीतून बघते."

"ते घरी करता येत नाही?"

"घरी तू विचारतेस ना, काय बघतेस म्हणून."

मला वाटलं थट्टा करतेय. करत नव्हती. विचारलं, कधीपासून? म्हणाली, "तीन वर्षं झाली. तुला एकटं वाटू नये म्हणून तेव्हा ससे आणले." हे तिने अगदी मायेने सांगितलं. मी कपात बघत राहिले. म्हणजे रोज जे माझ्या मांडीवर बसतात ते हिने आपल्या जागी आणून ठेवलेले.

माणूस असता तर बरं झालं असतं. त्याला मी शिव्या घातल्या असत्या, मग कधीतरी जेवायला बोलावलं असतं. रिकाम्या खोलीशी भांडायचं कसं? तिथे तर मला हरवायला कोणी नव्हतंच. नुसती मी नव्हते, एवढंच त्या खोलीत होतं.

मग एकच गोष्ट विचारली. "बारा वाजता तुला कळलं होतं. ठिपकीला झटके येत होते. तरी तू बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू विचारलं असतंस, तू कुठे होतीस."

"मग?"

तिने खोलीवरून नजर फिरवली. "मग हे गेलं असतं." चटईची कड सरळ केली. "मी फोन हातात धरून बसले होते, ताई. तुला लावायचे आणि वाजायच्या आत बंद करायचे. मग एकदा वाटलं, मरेना का ससा."

ती इतकं खरं माझ्याशी कधी बोलली नव्हती. आणि खरं बोलायला तिला हेच सापडलं. मी उरलेला चहा संपवला. दुसरा कप असता तर हातातला फोडला असता. पण कप तिचा एकच होता.

शनिवार, ३० तारीख

बेबी गेली. एक बॅग, एक उशी. मी म्हटलं होतं, खोलीचं आता कळलंच आहे तर जात जा, घर कशाला सोडतेस? म्हणाली, "आता तू रोज विचारशील, जाऊन आलीस का." विचारलं असतं. त्यात काय चुकलं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

जाताना पिंजऱ्यापाशी बसली. "ठिपकीला नेऊ का? तिला खिडकी आवडेल."

"जोडी तोडायची नसते," मी म्हटलं. "एकटा ससा झुरतो. डॉक्टरीणबाईंना विचार हवं तर."

तिने विचारलं नाही. बॅग उचलली. मी तिच्या कुलपासाठी जास्तीची साखळी काढून ठेवली होती, ती मात्र घेतली.

संध्याकाळच्या बघण्याचा प्रश्न उरला. काल घड्याळवाल्यांना खाली बोलावून समोर बसवलं आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं पहिल्यापासून सांगितलं. माशी, अंडी, अळ्या, गोचीड, आणि थेंबांचं तीन वेळा. आधीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा मी त्यांच्याशी भांडत होते. त्यांनी मान डोलावली, मग सगळं परत म्हणून दाखवलं. किल्ली त्यांच्याकडेच राहू दिली. ज्या माणसाने माझ्या सशाला विष घातलं त्याच्यावर आज माझा भरवसा आहे, कारण तो सपाता घालून चालत आला आणि बोलला. जन्मभराच्या बहिणीवर नाही. हे लिहून ठेवते आहे, उद्या माझं मन विरघळलं तर वाचायला.

रविवार, ७ तारीख

बेबी आज भेटायला आली. तिच्याकडे घराची किल्ली आहे, तरी बेल वाजवली. मी दार उघडलं आणि क्षणभर आम्ही दोघी, कोणी आधी बोलायचं, अशा उभ्या राहिलो.

केस कापलेत तिने. बरी दिसते. मी तसं म्हटलं नाही. खोलीत आता दुसरा कप आणलाय म्हणाली. कोणासाठी ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

चहा झाल्यावर म्हणाली, "आजचं मी बघते, ताई." मागच्या दाराने अंगणात गेली. मी ओट्यापाशी कप विसळत उभी राहिले. तिचं सशांशी बोलणं ऐकू येत होतं. माझ्याशी बोलताना तिचा तो आवाज कधी नसतो.

थोड्या वेळाने आत आली ती ठिपकीला छातीशी धरून.

"पाहिलं?" मी विचारलं. तोंडाची सवय.

"पाहिलं."

"शेपटीखाली?"

ती माझ्याजवळ आली, ठिपकीला उलटं धरलं, एका हाताने मान सावरली आणि दुसऱ्या हाताने शेपटी उचलून माझ्यासमोर धरली. ठिपकीने पाय झाडले. बेबी तशीच धरून उभी राहिली, माझ्याकडे बघत. मी नुसतं राहू दे म्हटलं असतं तर चाललं असतं. तिचे डोळे तेवढंच मागत होते, मला दिसत होतं.

मी हात पुसले, फ्रिजवरचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि वाकून नीट पाहिलं.